तग धरणे म्हणजे प्रतिकार नव्हे

“डॉक्टर, आपल्या जनावराला जंत पचतात.” पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात गुरांवर उपचार करताना हे वाक्य मी कितीतरी गोठ्यांत ऐकले आहे. ते बोलणाऱ्या शेतकऱ्यावर माझा राग नाही. त्याच्या समोर गाय उभी असते, तणस खात असते, रवंथ करत असते, दोन्ही वेळा थोडेबहुत दूध देत असते. जे डोळ्यांना दिसते त्यावरून तो बोलतो. पण अलीकडे हेच वाक्य शास्त्राचा अंगरखा घालून फिरू लागले आहे. मेळाव्यांत, टॉनिकच्या जाहिरातींत आणि शिकलेल्या पशुपालकांच्या बोलण्यात ते एका युक्तिवादाच्या रूपात येते, आणि आता ते खोडून काढायला हवे.

युक्तिवाद असा आहे. यकृतकृमी, म्हणजे आपण ज्याला लिव्हर फ्लूक म्हणतो तो, गुरांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. गाईच्या रक्तात त्याच्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडे तयार होतात. मोठी जनावरे कालांतराने हे कृमी आपोआप बाहेर टाकतात आणि एकदा लागण झालेल्या गुराला पुन्हा तेवढी बाधा होत नाही. दुसरीकडे जंतनाशके निकामी होत चालली आहेत. तेव्हा औषधांच्या मागे लागू नका, जनावराची प्रतिकारशक्ती वाढवा, बाकीचे निसर्ग बघून घेईल.

यातले एकेक विधान सुटे घेतले तर त्यात बरेच तथ्य आहे, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो. प्रतिपिंडे तयार होतात, हे खरे. प्रौढ गुरांतून कृमी कमी होतात, हेही खरे. काही औषधांना कृमी दाद देईनासे झाले आहेत, हे तर फारच खरे. पण या खऱ्या विधानांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकल्याची किंमत गाय भरते, तिचे वासरू भरते आणि शेवटी शेतकरी भरतो.

आधी हा कृमी काय करतो ते नीट पाहू. महाराष्ट्रात आणि देशाच्या बहुतेक भागांत आढळणारी जात फॅसिओला जायगँटिका. युरोपातल्या थंड, ओल्या कुरणांत आढळते ती फॅसिओला हेपॅटिका. दोन्ही पानासारखे चपटे. हेपॅटिका दोन-तीन सेंटिमीटर लांब असतो, जायगँटिका सात सेंटिमीटरपर्यंत वाढतो. दोघांच्याही आयुष्यात पाण्यातली गोगलगाय लागतेच. शेणातून पडलेले अंडे पाण्यात फुटते, त्यातली सूक्ष्म अळी गोगलगायीत शिरते आणि आत तिच्यापासून शेकडो अळ्या तयार होतात. त्या बाहेर पडून गवताला, धानाच्या ताटाला चिकटतात आणि स्वतःभोवती कवच बांधून बसतात. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठचे हिरवे गवत, बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले पाणी, बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून कापून आणलेले ओलसर तणस, या सगळ्यांतून ते कवच गाईच्या पोटात जाते. हे चक्र शास्त्राला १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला उलगडले. इंग्लंडात थॉमस आणि जर्मनीत लॉयकार्ट या दोघांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधले. थॉमसच्या शोधामागे मोठे संकट होते. १८७९-८०च्या ओल्या हंगामात इंग्लंडातल्या सुमारे ३० लाख मेंढ्या या कृमीने दगावल्या होत्या. मेंढी आणि हा कृमी तेव्हाही शतकानुशतकांचे सोबतीच होते. सोबत जुनी आहे म्हणून ती सुरक्षित ठरत नाही, हे त्या एका हिवाळ्याने दाखवून दिले.

पोटात गेलेले कवच लहान आतड्यात फुटते. आतली पिल्लू-अळी आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीत येते आणि चार-सहा दिवसांत यकृतापर्यंत पोहोचते. पुढचे सहा-आठ आठवडे ती यकृताचा गर पोखरत हिंडते. मग पित्तनलिकेत शिरून प्रौढ होते आणि अंडी घालू लागते. हेपॅटिकाला त्यासाठी लागणीपासून दहा-बारा आठवडे लागतात, जायगँटिकाला त्याहून काही आठवडे जास्त. प्रौढ कृमी दिवसाला साधारण ०.२ ते ०.५ मिलिलिटर रक्त गमावायला लावतो. शंभर कृमी असतील तर महिन्याला अर्धा ते दीड लिटर. रक्तातले प्रथिन घटत जाते आणि शेवटी जबड्याखाली पाणी उतरते. ती सूज दिसल्यावर शेतकरी धावत येतो, तोवर यकृताचे काही महिने गेलेले असतात.

आता पहिला मुद्दा, प्रतिपिंडांचा. “रक्तात प्रतिपिंडे आहेत, म्हणजे शरीर लढते आहे.” लागणीनंतर दोन-चार आठवड्यांत गाईच्या रक्तात या कृमीविरुद्धची प्रतिपिंडे मिळू लागतात आणि ती महिनोन्‌महिने टिकतात. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची संख्या वाढते, यकृतात त्यांची गर्दी होते. म्हणजे फौज जमते, यात शंका नाही. पण फौज जमली यावरून लढाई जिंकली असे ठरत नाही. जिंकली असती तर चार महिन्यांनी त्याच गाईच्या पित्तनलिकेत अंडी घालणारे कृमी सापडले नसते.

ते का सापडतात, याचे उत्तर गेल्या चार-पाच दशकांच्या संशोधनातून हळूहळू मिळाले आहे. या कृमीच्या अंगावर साखर-प्रथिनांचा एक पातळ थर असतो. प्रतिपिंडे त्या थराला चिकटली की कृमी तो थरच काही तासांत टाकून देतो आणि आतून नवा आणतो. शिवाय तो कॅथेप्सिन-एल नावाची विकरे सोडतो. या विकरांनी त्याला आतड्यातून आणि यकृतातून वाट काढता येते, आणि हीच विकरे गाईच्या प्रतिपिंडांचे तुकडे करतात. डाल्टन यांच्या गटाने आयर्लंडमध्ये १९९३च्या सुमारास दाखवले की, हे विकर असताना इओसिनोफिल पेशी पिल्लू-अळीला चिकटूच शकत नाहीत. प्रतिपिंड हा पेशी आणि कृमी यांना जोडणारा दोरा आहे, आणि कृमी तो दोराच कापतो.

एवढ्यावरही भागत नाही. कृमी गाईच्या प्रतिकारयंत्रणेचा रोखच बदलतो. प्रतिकाराच्या ढोबळमानाने दोन वाटा असतात. एक पेशींच्या मदतीने थेट मारा करणारी, जिचा मुख्य संदेशवाहक इंटरफेरॉन-गॅमा. दुसरी प्रतिपिंडांवर, इओसिनोफिलांवर आणि जखम भरून काढण्यावर भर देणारी. लागणीच्या सुरुवातीला गाईत दोन्ही दिसतात. पण कृमी स्थिरावला की पहिली वाट आखडते, दुसरी मोकळी राहते, आणि इंटरल्यूकिन-१० व टीजीएफ-बीटा यांच्यासारखे ‘आता थांबा’ सांगणारे रेणू वरचढ होतात. डब्लिनच्या मुल्काही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरांमध्येच हे तपासले आहे. भक्षक पेशी मारण्याचे काम सोडून दुरुस्तीच्या कामाला लागतात. कृमी सोडत असलेली काही प्रथिने त्यांना त्याच कामाकडे ढकलतात.

दीर्घकाळ लागण असलेल्या गाईच्या प्रतिपिंडांत आयजीजी-१ हा प्रकार प्रामुख्याने दिसतो आणि आयजीजी-२ अगदी थोडा. याउलट कॅथेप्सिनची प्रायोगिक लस टोचून ज्या गुरांना काही अंशी संरक्षण मिळाले, त्यांच्यात आयजीजी-२ वाढलेले दिसले. यावरून एक गोष्ट उघड होते. प्रतिपिंडे किती आहेत यापेक्षा ती कोणत्या प्रकारची आहेत आणि कधी पोहोचतात हे महत्त्वाचे, आणि नैसर्गिक लागणीत गाईकडून जो प्रतिसाद मिळतो तो कृमीला परवडणाराच असतो. म्हणून रक्ततपासणीत प्रतिपिंडे आली तर त्याचा अर्थ एवढाच घ्यावा, की या गाईला लागण झाली आहे किंवा झाली होती. ती बरी झाली, असा अर्थ त्यातून निघत नाही.

मग खरा प्रतिकार असतो तरी कसा? त्याचीही उदाहरणे आहेत. इंडोनेशियातल्या आखूड-बारीक शेपटीच्या स्थानिक मेंढ्या जायगँटिकाच्या पिल्लू-अळ्यांना पहिल्या काही आठवड्यांतच मारतात. त्यांच्या पेशी अळीला घेरून सुपरऑक्साइडसारख्या तिखट रेणूंनी तिचा नाश करतात. एकदा लागण होऊन गेलेल्या उंदरांत नव्या अळ्यांपैकी बहुतेक आतड्याच्या भिंतीतच अडतात, यकृतापर्यंत पोहोचतही नाहीत. खरा प्रतिकार हा असा असतो. तो लवकर येतो, पिल्लू-अळीला गाठतो आणि यकृताला झळ लागू देत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच इंडोनेशियन मेंढ्या हेपॅटिका जातीपुढे मात्र हतबल ठरतात. म्हणजे ‘चिवट जात’, ‘काटक रक्त’ अशा सर्वसाधारण शब्दांनी येथे काही सिद्ध होत नाही. कोणते जनावर, कोणता कृमी आणि त्याची कोणती अवस्था, हे विचारल्याशिवाय प्रतिकारशक्तीबद्दल बोलणेच निरर्थक आहे.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे: प्रौढ गुरे कृमी बाहेर टाकतात आणि पुन्हा तेवढी बाधा होऊ देत नाहीत. मेंढीत हेपॅटिका दहा-अकरा वर्षे जगल्याची नोंद आहे. गाईत मात्र पहिल्या लागणीतले कृमी पाच-सहा महिन्यांनंतर कमी होऊ लागतात आणि साधारण वर्षभरात बरेचसे नाहीसे होतात. नंतरच्या लागणीत कमी कृमी बसतात, हेही प्रयोगांत दिसले आहे. या निरीक्षणांवर माझा आक्षेप नाही. माझा प्रश्न हा आहे की, हे घडते कशामुळे आणि कोणत्या किमतीवर?

ज्याने जुनी लागण असलेल्या गाईचे यकृत कापून पाहिले आहे त्याला याचे उत्तर हाताला लागलेले असते. पित्तनलिका बोटाएवढ्या जाड झालेल्या असतात. त्यांच्या भिंतीत चुन्याचे क्षार साचलेले असतात. सुरी फिरवली की वाळूवर घासल्यासारखा कर्र आवाज येतो. इंग्रजी पुस्तकांत अशा यकृताला चिलमीच्या नळीची उपमा दिली आहे. मऊ, लालसर गराच्या जागी पांढुरक्या तंतूंचे व्रण पसरलेले असतात. अशा यकृतातून नव्या अळीला वाट काढता येत नाही, आणि चुन्याने कडक झालेल्या नलिकेत प्रौढ कृमीला राहता येत नाही. दुसऱ्या लागणीत कमी कृमी बसण्याचे एक मोठे कारण हे आहे. घराच्या भिंती दगड झाल्या म्हणून भाडेकरू निघून गेला, तर तो घरमालकाचा विजय म्हणता येत नाही. हा कडकपणा आणि हे व्रण गाईच्या स्वतःच्या दुरुस्तीच्या धडपडीतूनच तयार झालेले असतात. तिची प्रतिकारयंत्रणा कृमीला मारू शकली नाही, म्हणून तिने त्याच्याभोवती भिंत बांधली आणि त्या भिंतीखाली स्वतःच्या यकृताचा एक भाग कायमचा पुरला.

शिवाय हे वर्ष कसे जाते याचाही हिशेब करायला हवा. एक प्रौढ कृमी दिवसाला २० हजारांपर्यंत अंडी घालू शकतो. गाईत हे प्रमाण कमी असले, तरी महिनोन्‌महिने ती अंडी शेणातून बोडीच्या काठावर पडतात. एका अंड्यातल्या एका अळीपासून गोगलगायीत शेकडो तयार होतात. ‘गाय आपोआप बरी होईल’ म्हणत आपण वाट पाहतो, तेव्हा पुढच्या हंगामाची लागण तीच गाय पेरत असते. आणि तिच्या वासराला, कालवडीला, पारड्याला तर कोणताच जुना अनुभव नसतो. ‘प्रौढ गुरे तग धरतात’ हे वाक्य गोठ्यातल्या सर्वांत लहान जनावराच्या बाबतीत लागूच पडत नाही.

आणि गाय ‘तग धरते’ तेही फुकट नाही. बेल्जियममध्ये दुधाच्या टाकीतल्या एकत्रित दुधात या कृमीविरुद्धची प्रतिपिंडे मोजून दूध-उत्पादनाशी त्यांची सांगड घातली गेली. कमी प्रतिपिंडे असलेल्या कळपांच्या तुलनेत जास्त असलेल्या कळपांत दर गाईमागे दिवसाला सुमारे ०.७ किलो दूध कमी होते आणि दोन वेतांमधले अंतरही वाढले होते. त्या गाईंपैकी बहुतेक बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या होत्या. दिवसाला पाऊण लिटरची ही तूट डोळ्यांना दिसत नाही. वर्षाचा हिशेब मांडला की दिसते. पशुवैद्यकशास्त्रात सोसणे आणि प्रतिकार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसणारे जनावर परजीवी अंगात ठेवून जगते, प्रतिकार करणारे त्याला बसूच देत नाही. आपली गाय या कृमीला बहुतांशी सोसते. सोसण्यालाच प्रतिकार म्हणण्यातून हा सगळा घोटाळा झाला आहे.

आता त्या किमतीचा असा एक भाग, ज्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. कृमीने गाईची प्रतिकारयंत्रणा शांत केली तर त्याचा फायदा फक्त त्यालाच होत नाही. पेशींची तीच वाट ज्यांना रोखते, त्या इतर रोगजंतूंनाही होतो. हेपॅटिकाची लागण असलेली गुरे साल्मोनेला डब्लिन या जिवाणूला अधिक बळी पडतात, हे १९७०च्या दशकातल्या प्रयोगांतच दिसले होते. अळ्यांनी पोखरलेल्या यकृतात क्लोस्ट्रिडियमचे सुप्त बीजाणू जागे होऊन जनावर काही तासांत दगावते. मेंढपाळ ज्याला ‘काळा रोग’ म्हणतात त्याचे मूळ तेथेच आहे.

सर्वांत गंभीर उदाहरण क्षयाचे. गुरांच्या क्षयाची तपासणी मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचून केली जाते. तीन दिवसांनी सूज मोजतात. ती सूज उठते पेशींच्या प्रतिसादामुळे, म्हणजे इंटरफेरॉन-गॅमाच्या वाटेने. यकृतकृमी नेमकी तीच वाट दाबतो. फ्लिन आणि मुल्काही यांच्या गटाने २००७ साली प्रयोगातून दाखवले की, यकृतकृमीची लागण असलेल्या वासरांत ही चाचणी मंदावते. २०१२ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे ३ हजार दूध-कळपांची आकडेवारी अभ्यासली आणि असा अंदाज मांडला की, यकृतकृमीमुळे क्षयाची सुमारे एक-तृतीयांश बाधा चाचणीतून निसटत असावी. या अंदाजावर पुढे वाद झाला. उत्तर आयर्लंडच्या कत्तलखान्यांतल्या नोंदींवरून केलेल्या नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बराच लहान दिसला. परिणाम नेमका किती, यावर मतभेद राहतील. पण जो कृमी एखाद्या चाचणीच्या उत्तरावर सावली टाकू शकतो, त्याला ‘पचलेला जंत’ म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. भारतात गुरांचा क्षय आहे, तो दुधातून माणसापर्यंत पोहोचू शकतो, आणि क्षयग्रस्त जनावर शोधून काढून टाकण्याची देशव्यापी योजना आपल्याकडे नाही. अशा देशात जनावराची पेशींची वाट मोकळी ठेवणे हा चैनीचा विषय नाही.

तिसरा मुद्दा औषधांचा. ट्रायक्लॅबेन्डॅझोल १९८०च्या दशकात बाजारात आले तेव्हा ते अपूर्व होते, कारण ते प्रौढ कृमीबरोबर यकृतात हिंडणाऱ्या लहान अळ्यांनाही मारते. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातून त्याला दाद न देणाऱ्या कृमींची पहिली नोंद आली आणि नंतर युरोप व दक्षिण अमेरिकेतूनही आल्या. ही चिंता खरी आहे. पण ‘औषध निष्प्रभ होत आहे, म्हणून वापरू नका’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्यातून निघतो तो असा, की औषध तपासून, वेळेवर, वजन पाहून आणि फक्त गरज असलेल्या जनावराला द्या.

आपल्याकडे नेमके उलटे चालते. वर्षातून दोनदा ‘जंताची गोळी’ द्यायची म्हणून फेनबेन्डॅझोल दिले जाते, किंवा आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन मारले जाते, आणि जंत निघाले असे समजून सगळे निश्चिंत होतात. ही दोन्ही औषधे आतड्यातल्या गोल जंतांवर चांगली आहेत. यकृतकृमीवर आयव्हरमेक्टिनचा उपयोग नाही आणि फेनबेन्डॅझोलवर विसंबता येत नाही. ऑक्सीक्लोझानाइड प्रौढ कृमी मारते, पण यकृतातून हिंडणाऱ्या कोवळ्या अळ्या त्यातून वाचतात. अल्बेन्डॅझोलही वाढीव मात्रेत प्रौढांवरच काम करते. चुकीचे औषध देऊन ‘औषधाने काही होत नाही, प्रतिकारशक्तीच खरी’ असा निष्कर्ष काढणे हा औषधावर अन्याय आहे, आणि जनावरावर त्याहून मोठा.

चौथा मुद्दा, ‘प्रतिकारशक्ती वाढवा’. हा शब्द ऐकायला सुंदर आहे, पण येथे त्याला पकडता येईल असा अर्थ नाही. प्रतिकारशक्ती हा नळ नव्हे, की फिरवला आणि धार वाढली. कोणती वाट वाढवायची? प्रतिपिंडांची तर आधीच भरपूर वाढलेली आहे, आणि कृमी तिच्यासोबत सुखाने नांदतो. दुरुस्तीची वाढवली तर यकृतात व्रण वाढतील. पेशींची वाट पिल्लू-अळीला पहिल्या आठवड्यात गाठेल अशी जागवणे हे खरे काम, आणि ते अजून जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला गोठ्यात चालेल इतके साधलेले नाही. कॅथेप्सिनच्या लशीने १९९६ मध्ये नियंत्रित प्रयोगांत गुरांतले कृमी निम्म्याहून अधिक कमी केले होते. नंतर कुरणावर झालेल्या चाचणीत हे यश सुमारे ४८ टक्क्यांपर्यंत आले. बरेलीजवळ इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेतही जायगँटिकावर लशीचे प्रयोग झाले आहेत. आजवर एकही लस बाजारात आलेली नाही. जे काम जगातले निष्णात संशोधक दशकानुदशके झटून पुरे करू शकले नाहीत, ते एका बाटलीतल्या टॉनिकने होते असे सांगणाऱ्याने आधी शेणातल्या अंड्यांचे आकडे दाखवावेत. चांगला आहार, खनिज मिश्रण, पुरेसे प्रथिन हे सगळे जनावराला हवेच. त्याने सोसण्याची ताकद वाढते. पित्तनलिकेतला कृमी त्याने मरत नाही.

मग ‘जंत पचतात’ हा समज इतका पक्का का? माझ्या मते याचे एक कारण असे की, आपल्याला यकृत दिसतच नाही. ब्रिटन-आयर्लंडमध्ये कत्तलखान्यातला तपासनीस यकृते तपासतो आणि कृमी सापडल्याची नोंद पशुपालकापर्यंत पोहोचते. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. म्हशींची यकृते तेवढी तपासनिसांच्या हाताखालून जातात. गाय किंवा बैल दगावला की पुरला जातो, आणि त्याच्या यकृताची साक्षही त्याच्याबरोबर जमिनीत जाते. कायद्याबद्दल मी येथे बोलत नाही. मी एवढेच म्हणतो की, यकृताची साक्ष मिळत नसेल तर शेणाची साक्ष घेणे दुप्पट गरजेचे आहे.

आणि ती साक्ष नीट घ्यावी लागते. या कृमीचे अंडे जड असते. गोल जंतांसाठी करतात तशी मिठाच्या द्रावणावर तरंगवून तपासणी केली तर ते सहसा हाती लागत नाही. त्यासाठी शेण पाण्यात कालवून, गाळून, खाली बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. सोनेरी-पिवळे, एका टोकाला झाकण असलेले अंडे दिसले की शंका उरत नाही. एका तपासणीत सापडले नाही म्हणून लागण नाही असेही समजू नये. गाईत अंडी थोडी आणि खंड पडत पडतात. म्हणून एका गाईऐवजी गोठ्यातल्या अनेक जनावरांचे नमुने द्यावेत.

धानपट्ट्यातल्या माझ्या शेतकरी बंधूंना आणि भगिनींना, आणि कोकणातल्या भातशेतीतल्या पशुपालकांनाही माझी विनंती आहे. धान कापणीनंतर, थंडी सुरू होताना, आपल्या पशुवैद्यकाला शेणाचा नमुना द्या आणि ‘गाळ पद्धतीने तपासा’ असे स्पष्ट सांगा. औषध द्यायचे ठरले तर ते कोवळ्या अळ्यांवर चालणारे आहे की फक्त प्रौढांवर, आणि दूध किती दिवस वापरायचे नाही, हे विचारून घ्या. जनावराचे वजन अंदाजाने कमी धरू नका. अपुरी मात्रा हाच औषध बोथट करण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आहे. धानाच्या ताटाचा पाण्यात बुडालेला खालचा भाग चाऱ्यात टाकू नका आणि तणस पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका. कालवडी आणि वासरे बोडीच्या काठावर चरायला सोडू नका. ताजे शेण पाणथळ बांधीत टाकू नका, उकिरड्यात कुजवूनच टाका.

पशुवैद्यकीय महाविद्यालये, पशुसंवर्धन विभाग आणि माझे सहकारी पशुवैद्यक यांनाही एक सांगणे आहे. मेळाव्यात ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द वापरताना पुढचे वाक्यही जरूर बोला: कोणत्या रोगाविरुद्ध, कोणत्या पेशींची, आणि कोणत्या पुराव्यावर. शब्द अर्धा सोडला की तो बाजारात जाऊन टॉनिकच्या बाटलीवर छापला जातो.

गाय मुकी आहे. यकृत सत्तर टक्के निकामी होईपर्यंत ती तक्रार करत नाही, असे जुने पशुवैद्यक सांगत. आकडा कितीही घ्या, सांगण्याचा मतलब खरा आहे. तिच्या मौनाला आपण प्रतिकार समजत आलो आहोत. ते मौन यकृताच्या व्रणांतून विकत घेतलेले आहे. पुढच्या वेळी “आपल्या जनावराला जंत पचतात” हे वाक्य ओठांवर येईल तेव्हा थांबा, आणि मूठभर शेण घेऊन दवाखान्यात जा. उत्तर त्या शेणात आहे.